पडद्याकडे पाठ

आप्पांना मातीत बसवलं तेव्हा मी त्यांच्या पाठीमागे उभा होतो.

त्यांच्या लिंगायत समाजात माणूस गेला की त्याला आडवा करत नाहीत. रुद्रभूमीत खड्डा खणतात, त्यात मांडी घालून बसवतात, कपाळाला भस्म लावतात. मग एकेक जण समोरून पुढे येतो, बेलाचं पान टाकतो आणि बाजूला होतो. निलंग्याची निम्मी बाजारपेठ आली होती. आप्पांच्या पुतण्याने मला ओळखलं. म्हणाला, "ऑपरेटर, मागं कामून थांबलाव? म्होरं येऊन दर्शन घ्या की." मी तिथूनच हात जोडले. ज्या माणसाने जन्मभर लोकांची तोंडं वाचली, त्याच्यासमोर जायची माझी हिंमत नव्हती. त्याचे डोळे मिटलेले होते, तरीसुद्धा.

मी मूळचा उमरीचा. चोविसाव्या वर्षी निलंग्याच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर म्हणून लागलो. टॉकीज म्हणजे चार दगडी भिंती, वर पत्रे आणि आत लाकडी बाकं. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, मध्ये कमरेइतकी भिंत. पडद्याखाली मातीचा ओटा होता. ओट्याच्या कोपऱ्यात एक लोखंडी खुर्ची असायची आणि तिच्यावर आप्पा बसायचे, पडद्याकडे पाठ करून. खेळ सुरू झाल्यापासून संपेपर्यंत ते लोकांकडे बघत राहायचे. पापणीही फार कमी हलायची.

त्यांची नोकरीच ती होती. नवा पिक्चर लागला की पहिल्या खेळानंतर मालक विचारायचे, "आप्पा, कसं काय?" आप्पा बोटं वर करायचे. तीन बोटं म्हणजे तीन दिवस, सात म्हणजे आठवडा. मालक त्यावर वितरकाला निरोप धाडायचे. माझ्यासमोर ती बोटं एकदाही चुकली नाहीत.

"हसून राहिलेत, पण दात दिसंनात," एकदा त्यांनी एका गाजलेल्या विनोदी चित्रपटाबद्दल सांगितलं. "उद्या उतरवा." दुसऱ्या एका रडक्या चित्रपटाबद्दल म्हणाले, "डोळं गळतेत, पण नाक कुणी पुसंना. ह्ये रडनं न्हाई, सवय हाय." लोक त्यांना वचकून असत. पुढच्या बाकांवर बसणारे काही जण तोंडावर रुमाल धरायचे. एका कापड दुकानदाराला त्यांनी मध्यंतरात गाठून सांगितलं होतं, "मालक, आजच दवाखाना गाठा." तो हसला, आणि आठ दिवसांत गेला. तेव्हापासून आप्पांची जीभ काळी आहे असं गावात म्हणत. आप्पांना ते ठाऊक होतं. "जीभ काळी न्हाई," ते मला म्हणाले, "त्याचं तोंड काळं पडलं हुतं. मी नुसतं वाचलं."

ही विद्या ते रझाकारांच्या दिवसांत शिकले होते. तेव्हा ते जवान होते आणि गावाने त्यांना वेशीवर बसवलं होतं. येणारा माणूस सोयरा आहे की घात करायला आलेला, हे दुरून ओळखायचं. "हातात काय हाय ते बघून भागत न्हाई, उमरीकर. हत्यार पाठीमागं असतं. तोंड म्होरं असतं." मी उमरीचा म्हणून ते मला उमरीकर म्हणत.

मी एकदा त्यांना विचारलं, "आप्पा, एवढे पिक्चर तुमच्या पाठीमागून गेले. एकदा तरी वळून बघावं असं वाटत नाही?"

"काय बघायचं? त्यो रोज त्योच. मानसं रोज नवी." मग म्हणाले, "साऱ्या थेटरात एक तुझंच तोंड मला दिसत न्हाई. तू उजेडाच्या मागं बसतोस."

खरंच होतं ते. माझ्या खोलीच्या चौकोनी भोकातून उजेडाचा झोत जायचा आणि त्यांच्या जागेवरून पाहिलं तर त्या झोतामागे नुसता काळोख असायचा. मला मात्र सगळं दिसायचं, पण पाठीमागून. त्यांना सगळ्यांची तोंडं, मला सगळ्यांच्या पाठी. त्या वेळी मला ह्याची गंमत वाटली होती.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. निलंग्यातल्या पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' पुसून 'जि. लातूर' लिहायचं काम चाललं होतं. रंगारी एकच हात मारून पुढे जायचा, त्यामुळे ऊन तापलं की नव्या अक्षरांखालून जुनी अक्षरं वर यायची. नव्या जिल्ह्याच्या गावी मालक भागीदारीत मोठं थिएटर बांधत होते, आणि मला तिथे हेड ऑपरेटर करायचा शब्द त्यांनी दिला होता. ही गोष्ट लक्षात ठेवा. मी विसरू शकलेलो नाही.

त्याच वर्षी पाऊस नव्हता. आदल्या वर्षीही धड झाला नव्हता. विहिरींचे तळ दिसत होते. खेड्यांत टँकर यायचा आणि गावच्या कोरड्या विहिरीतच पाइप सोडून रिकामा व्हायचा. बायका मग तेच पाणी पोहऱ्याने उपसून घ्यायच्या. लोक रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होते. अशा दिवसांत पिक्चर कोण बघणार? मालकांनी वितरकाच्या गोदामातून स्वस्तातला एक जुना चित्रपट मागवला. काळा-पांढरा, पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा. शहरांत तो तेव्हा दोन-तीन दिवसांत उतरला होता म्हणे. पहिल्या रिळाचा सुरुवातीचा तुकडा फाटलेला असल्यामुळे त्यावर नावसुद्धा नव्हतं. आमच्याकडे लोक त्याला 'सुनेचा पिक्चर' म्हणू लागले.

गोष्ट आपल्याकडच्या ओव्यांतली, सगळ्यांच्या ओळखीची. गावात पाणी नाही. पाटील बारव खणतो, झरा लागत नाही. देव स्वप्नात येऊन थोरल्या सुनेला मागतो. सून ताटात दिवा घेऊन बारवेच्या पायऱ्या उतरते. पहिल्या पायरीला काही नाही, दुसरीला काही नाही. सातव्या पायरीवर तिच्या पायाला पाणी लागतं. मग ते घोट्यापर्यंत येतं, कमरेपर्यंत येतं, आणि शेवटी पाण्यावर नुसता दिवा तरंगत राहतो. ह्या सगळ्याला कसलंही संगीत नव्हतं, फक्त तिच्या जोडव्यांचा आवाज होता.

पहिल्या दिवशी त्या जागी साऱ्या टॉकीजमध्ये कुणी खोकलंही नाही. दुसऱ्या दिवशी बायकांनी चपला बाहेर काढल्या. तिसऱ्या दिवसापासून त्या पडद्याची ओटी भरू लागल्या. मूठभर ज्वारी, एखादी सुपारी, असेल तिच्याकडे खण. आणि दर बाईजवळ तांब्या. घरी प्यायला पाणी नव्हतं, पण प्रत्येक जणी तांब्याभर पाणी पदराखाली झाकून आणायची आणि पडद्याखालच्या ओट्यावर ओतायची.

आप्पांच्या खुर्चीचे पाय चिखलात रुतले. पण ते जागेवरून हलले नाहीत.

आठवड्याभरात ओट्यावर सांडलेली ज्वारी उगवली. बिनउन्हाची ती रोपं, नवरात्रातल्या घटासारखी पिवळी-पांढरी, बारीक दोऱ्यांसारखी. बाहेर शिवारात हिरवं पान नव्हतं आणि आत अंधारात पीक आलं होतं. बायका ते बघून कानशिलावर बोटं मोडायच्या. झाडणाऱ्याने उपटायला हात घातला तर आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आपन पेरलं न्हाई ते आपन उपटायचं न्हाई."

आता माझं सांगतो.

त्या पिक्चरला आणखी एक रीळ होतं. दहा-बारा मिनिटांचं, शेवटचं. पहिल्या दिवशी मी ते लावलं होतं. पण निलंग्याला खेळापुरती सलग वीज दुपारी तीनला यायची, त्यामुळे खेळ तीनलाच सुरू व्हायचा आणि खेड्यांकडे जाणारी एस.टी. साडेपाचला सुटायची. पाण्यावर दिवा तरंगला की बाया उठायच्या, पुढे काही चाललंय ह्याकडे कुणाचं लक्षच नसायचं. दुसऱ्या दिवशी मालक वर आले. "ऑपरेटर, लोकाला गाडी हाय. दिव्यापाशी खतम करा. शेवटचं डब्यातच ठेवा." मी ठेवलं. मशीनमध्ये उजेडासाठी जळणाऱ्या कार्बनच्या कांड्याही वाचत होत्या. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. लांब पिक्चरातली गाणी, मारामाऱ्या आम्ही असेच कमी करायचो. सगळीकडे करत.

आणि ते रीळ पहिल्या दिवशी मी स्वतः पाहिलेलं होतं. त्यात काय होतं ते मला ठाऊक होतं.

पिक्चर काढणाऱ्याला सुनेची आरती करायची नव्हती. त्याला उलटं सांगायचं होतं. शेवटच्या रिळात पाणी आल्यावर गाव वाजतगाजत बारवेवर येतं. पहिला पोहरा वर येतो. आणि कुणीच तो तोंडाला लावत नाही. बायका एकेक करून आपली घागर बारवेच्या काठावर पालथी घालतात आणि निघून जातात. शेवटी सासू एकटी काठावर बसून पाण्याला हाका मारत राहते. एवढंच. पण ते पाहिल्यावर ओटी भरायला कुणाचा हात उठला नसता. ते डब्यात ठेवून मी त्या पिक्चरचा अर्थच फिरवला होता, आणि लोक त्या फिरवलेल्या अर्थापुढे हात जोडत होते.

आप्पांनी अर्थातच पिक्चर पाहिला नव्हता. तरी दहाव्या दिवशी ते माझ्या खोलीचा जिना चढून आले. एरवी ते कधी वर यायचे नाहीत.

"उमरीकर, ह्या पिक्चरचं कायतरी ऱ्हायलंय."

"नाही आप्पा. काय राहील?"

"मानसं जेवून उठल्यावानी उठंनात. निवद दाखवून उठल्यावानी उठतेत. जेवायचं मागं ऱ्हायलंय." त्यांची नजर कोपऱ्यातल्या डब्याकडे गेली. "त्यात काय हाय?"

मी म्हणालो, "खराब रीळ आहे. चालत नाही."

खोलीत एक मंद दिवा होता आणि मी त्याच्याकडे पाठ करून बोललो होतो. माझं तोंड त्यांना दिसलं नसेल असं मला वाटलं. त्यांनी मान हलवली आणि ते खाली गेले.

चार दिवसांनी ते पुन्हा आले. ह्या वेळी डब्याचं नाव काढलं नाही. म्हणाले, "तिसऱ्या बाकावर एक सून येती. सासूसंगं. रोज."

"रोज कितीतरी येतात आप्पा."

"ऐक. बाकीच्या बाया रडतेत, हात जोडतेत. ही न्हाई रडत. गावाची वाट इचारून घ्यावी तशी बघती. कुटं वळायचं, कुटं पाय टाकायचा. व्हट हलतेत तिचे. पायऱ्या मोजून राहिली ती." आप्पांचा आवाज खाली आला. "आन् साऱ्या बाया पडद्याकडं बघतेत. सासू सुनंकडं बघती."

त्या दोघी पाच कोसांवरच्या एका खेड्यातल्या. ओटी भरताना सासू जे बोलायची ते आप्पांच्या कानावर जायचं, खुर्ची तिथेच होती. "बघ गं, ही बी सूनच हुती. आन् आमची! हिचा पाय घरात पडला आन् हीर आटली." सून नुसता तांब्या रिकामा करायची.

"तुझ्या डब्यात काय हाय मला मालूम न्हाई," आप्पा म्हणाले. "पन जे ऱ्हायलंय ते त्या पोरीला दाव. उद्या. गाडी गेली तर जाऊ दे, मी एस.टी. स्टँडवर जाऊन कंडक्टरचे पाय धरतो."

मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते रीळ दुसऱ्या मशीनवर चढवून ठेवलं, म्हणजे आधीचं संपताच मूठ ओढून ते सुरू करता येईल. कार्बन जुळवले. पिक्चर सातव्या पायरीपर्यंत आला, पाणी चढलं, दिवा तरंगला. माझा हात दुसऱ्या मशीनच्या मुठीवर होता. तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. बाया उठल्या, बाकं सरकली, पोरं रडली. खाली दाराशी मालक उभे होते, आणि त्यांच्याबरोबर लातूरच्या थिएटरचे भागीदार. माझं काम त्यांना दाखवायलाच मालकांनी आणलं होतं. मला वाटलं, सगळे उठलेच आहेत, आता लावून कोण बघणार? उलट गोंधळ होईल, भागीदार म्हणतील ह्या ऑपरेटरला पिक्चर कुठे संपवायचा ते कळत नाही. उद्या लावू.

मी मूठ सोडली.

पडदा पांढरा झाला. दारं उघडून ऊन आत आलं. तेव्हा मला भोकातून दिसलं की सगळे उठले नव्हते. तिसऱ्या बाकावर एक बाई बसूनच होती. मला तिची पाठ दिसत होती. डोक्यावरून घट्ट ओढलेला हिरवा पदर, ताठ मान. ती त्या कोऱ्या पडद्याकडे बघत होती. मग सासूने तिचा दंड धरून उठवलं.

ती वाट बघत होती. पुढे काय होतं त्याची. हे मला तेव्हाच कळलं होतं. आजवर मी लोकांना, स्वतःच्या बायकोलासुद्धा, सांगत आलो की मला नंतर कळलं. ते खोटं आहे.

आप्पा खुर्चीवरून वर भोकाकडे बघत होते. मी दिवा बंद केला.

त्या दिवसानंतर तिसरा बाक रिकामा राहिला. एक दिवस, मग दुसरा. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आणि आप्पा टॉकीजसमोरच्या हॉटेलात चहा घेत होतो. त्या दोघींच्या खेड्याकडे जाणाऱ्या गाडीचा कंडक्टर आला. बशीत चहा ओतता ओतता म्हणाला, "अवो, तुमच्या पिक्चरवानी झालं की आमच्या वाटंवरल्या गावात."

आप्पांनी पेला खाली ठेवला.

"काल दुपारच्याला. एक सून हिरीत उतरली. कोरडीच हीर, पायऱ्याची. हातात ताट, ताटात दिवा. ऊन रणरणतंय, वर कुत्रं न्हाई. आन् त्याच टायमाला आला टँकर. ड्रायवरनं दिला पाइप सोडून. खाली कोन हाय कोन बघतंय? सातव्या-आठव्या पायरीला असंल बिचारी. पान्याचा लोटच अंगावर. गेली खाली, डोकं दगडावर."

"मेली?" मी विचारलं.

"मरंल न्हाई तर काय. ताट वर तरंगत हुतं म्हनं. पोलीस आले, पाय घसरला म्हनून लिवून घेतलं, गेले."

आप्पांनी एवढंच विचारलं, "आन् पानी?"

कंडक्टर बुचकळ्यात पडला. "पानी? भरलं की लोकांनी. मयत काडली, आन् सांजच्यापर्यंत हीर उपसली. काय करतील आप्पा? दुसरा टँकर चार दिसांनी."

पुढचं आधीच सांगून टाकतो, कारण शेवटी मला वेगळं सांगायचं आहे. ती बातमी पसरली ती अशी की सून उतरली आणि पाणी लागलं. टँकरचं कुणी बोलायचं नाही. त्या दुपारी टॉकीजला कधी नव्हती एवढी गर्दी झाली. मी शेवटचं रीळ लावलं. मालक खालून ओरडले, मी ऐकलं नाही. पण बाया नेहमीसारख्याच उठल्या आणि गाडीला गेल्या. दारातून एकीने मागे वळून पडद्याकडे पाहिलं आणि दुसरीला म्हणाली, "चल गं, ते काय न्हाई, ऱ्हायलेलं असंल काय तरी." पुढचे पाच दिवस मी ते रिकाम्या बाकांना दाखवत राहिलो. मग पिक्चर उतरला. दोन महिन्यांनी मी लातूरला हेड ऑपरेटर झालो. मालकांनी शब्द पाळला, आणि मी तो घेतला. त्या थिएटरात मी अकरा वर्षं काढली, मग नांदेडला आलो. आता कार्बनचा उजेडही राहिला नाही आणि त्याच्यामागे बसणारेही नाहीत.

कंडक्टरने ती बातमी सांगितली त्या सकाळी आप्पा उठले. मला म्हणाले, "चल."

आम्ही टॉकीजमध्ये आलो. त्यांनी दारं आतून लावून घेतली. सकाळची वीज तासभर असायची, आणि ती होती. पत्र्याला खिळ्यांची असंख्य भोकं होती. त्यातून उन्हाचे ठिपके बाकांवर, भिंतींवर पडले होते. ओट्यावरची ती पांढरी रोपं वीतभर झाली होती आणि सगळी एकाच बाजूला कलली होती.

"लाव ते," आप्पा म्हणाले.

मी वर जाऊन रीळ लावलं. खाली आवाज दिला, "आप्पा, खुर्ची वळवून घ्या. चालू करतो."

"मला न्हाई बघायचं. तू बघ. लावून खाली ये."

"आप्पा, कार्बन हाताने सरकवावे लागतात. कुणी नसलं तर उजेड जातो."

"जाईस्तवर बघ."

मी मशीन चालू केलं आणि जिना उतरून आलो. ते आपल्या खुर्चीवर बसले होते, पडद्याकडे पाठ करून, पाय त्या रोपांत. त्यांनी बोटाने बायकांची बाजू दाखवली. तिसरा बाक. मी तिथे जाऊन बसलो. त्यांच्यात आणि माझ्यात दहा हातांचं अंतर असेल. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी उजेडाच्या पुढे होतो.

आप्पांच्या मागे पडद्यावर गाव वाजतगाजत बारवेवर आलं. मी पडद्याकडे बघत होतो आणि आप्पा माझ्याकडे.

पोहरा वर आला. माझी नजर त्याच्यामागे पाण्यावरच राहिली.

"वर येत न्हाई ती," आप्पा हळूच म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं.

"नाही आप्पा."

"आन् पानी कुनी पेत न्हाई."

मी मान हलवली. पडद्यावर पहिली बाई वाकली आणि तिने आपली घागर पालथी घातली.

"त्यो पिक्चरवाला मोठा मानूस," आप्पा म्हणाले. "पन त्याला आपलं गाव मालूम न्हवतं. आपल्यात पेतेत." मग म्हणाले, "तरी त्यानं सांगितलं हुतं. पेनारे पेले असते. उतरनारी उतरली नसती."

वर कार्बन जळून एकमेकांपासून लांब होत चालले होते. पडद्याचा पांढरा रंग पिवळा झाला, मग विटकरी. बायकांचे चेहरे काळवंडत गेले. मला उठून जायचं होतं, आणि आप्पांची नजर मला बाकावर धरून होती. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. वेशीवर बसलेला माणूस दुरून येणाऱ्याकडे बघतो तशी ती नजर होती.

"पंधरा दिवस झाले," ते म्हणाले. "रोज ह्या बाकड्यांवर मी एक तोंड हुडकत हुतो. ह्यो पिक्चर बघून मानसाचं जे तोंड व्हायला पायजे ते. हजारभर मानसं आली, मला एकदा बी दिसलं न्हाई." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ते ह्ये. त्यानं ह्याच्यासाटी काडला हुता पिक्चर. ह्ये तुझं तोंड त्या पोरीचं व्हायला पायजे हुतं."

तेवढ्यात उजेड गेला.

चित्र गेलं, पण मशीन फिरत होतं आणि फिल्मवरचा आवाज वाचणारा दिवा वेगळा असतो. अंधारात, पत्र्यातून पडलेल्या उन्हाच्या ठिपक्यांमध्ये, आप्पांचं भस्म लावलेलं कपाळ तेवढं दिसत होतं. ते माझ्याकडेच वळलेलं होतं. आणि त्यांच्या मागून, दिसत नसलेल्या त्या बारवेच्या काठावरून, दगडावर घागरी पालथ्या पडल्याचा आवाज येत राहिला. एक. मग थोडं थांबून दुसरी. मग तिसरी.